शस्त्र हाती असण्याचा काळ : शल्यचिकित्सकांच्या वेळेचा एक तौलनिक विचार

१

शस्त्रक्रियेला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे शेजारी ठेवून पाहिली, तर या कर्माच्या कोणत्या अंगावर कोणाचे लक्ष प्रथम गेले ते ध्यानात येते. इंग्रजी 'सर्जरी' हा शब्द फ्रेंच व लॅटिन यांच्यामार्गे ग्रीक 'खेइरूर्गिया'पर्यंत मागे जातो. त्याचा अर्थ हाताचे काम. चिनी 'शौशू' आणि त्याच चिन्हांनी लिहिला जाणारा जपानी 'शुजुत्सु' या नावांतही हाताचाच निर्देश आहे. उर्दू-हिंदीत रुळलेला 'जर्राह' हा शब्द जखमेच्या वाचक अशा अरबी धातूपासून आला. बंगालीतील 'अस्त्रोपचार' आणि मराठीतील 'शस्त्रक्रिया' यांत हत्यार पुढे येते, तर तमिळच्या 'अरुवै सिकिच्चै'त कापण्याची कृती. संस्कृतातील 'शल्यतंत्र' या नावात मात्र हातही नाही आणि हत्यारही नाही. तेथे शरीरात रुतून बसलेली, बाहेर काढावयाची वस्तू आहे. मराठीने हा शब्द वैद्यकाबाहेरही जिवंत ठेवला आहे. मनात सलणाऱ्या दुःखालाही आपण शल्यच म्हणतो.

या सर्व नावांत एक गोष्ट समान आहे. शस्त्रक्रिया ही एका व्यक्तीने, एका शरीरावर, एका क्षणी केलेली कृती आहे असेच चित्र त्यांतून उभे राहते. ती किती वेळ चालते, तिच्या आधी व नंतर किती वेळ जातो, आणि त्या वेळात आणखी कोण कोण सहभागी असते, याविषयी ही नावे मौन बाळगतात. त्यामुळे 'शल्यचिकित्सकाचा किती वेळ प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत जातो?' हा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर सहसा व्यक्तीच्या गुणांत शोधले जाते. हा हात चपळ, तो मंद. हा कष्टाळू, तो आळशी. प्रत्यक्षात देशोदेशींची स्थिती पाहू गेल्यास हा वेळ व्यक्तीच्या हाती फारच थोडा असतो, असे दिसून येते. त्याचे माप भूल देणारी व्यक्ती, परिचारिका, रक्त, पाणी, वीज, कायदा आणि पैसा ही सर्व मिळून ठरवतात.

या विवेचनात 'वेळ' हा शब्द तीन अर्थांनी घ्यावा लागतो : एका शस्त्रक्रियेला लागणारा वेळ, शल्यचिकित्सकाच्या आठवड्यातील शस्त्रक्रियेचा वाटा, आणि शिक्षणकाळात हाताला मिळणारा सराव. या तिन्हींची मोजमापे भिन्न असली, तरी ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

२

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण सांगितले आहेत. शौर्य, शस्त्रांची तीक्ष्णता, घाम न फुटणे, हाताला कंप न सुटणे, मनाचा गोंधळ न होणे यांच्या जोडीने 'आशुक्रिया', म्हणजे शीघ्र कृती, हाही गुण तेथे गणला आहे. वेदना बोथट करण्यासाठी तीक्ष्ण मद्य देण्याची सूचना संहितेत आहे. परंतु आजच्या अर्थाने भूल उपलब्ध नव्हती. अशा स्थितीत कृतीचा कालावधी हा थेट यातनेचा कालावधी असतो, आणि म्हणून वेग हे करुणेचेच एक रूप ठरते.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच कसोटी होती. लंडनचे रॉबर्ट लिस्टन हे मांडीतून पाय छेदण्याचे काम तीन मिनिटांच्या आत आटोपण्याबद्दल ख्यात होते. नेपोलियनच्या सैन्यातील डोमिनिक लारे यांनी १८१२ साली बोरोदिनोच्या रणांगणावर चोवीस तासांत सुमारे २०० अवयवच्छेद केल्याची नोंद आहे. त्याच लारे यांचा हात एका लेखिकेच्याही अनुभवाला आला. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्या स्तनावर सप्टेंबर १८११ मध्ये पॅरिस येथे भुलीवाचून शस्त्रक्रिया झाली, आणि ती करणाऱ्या मंडळींत लारे होते. तिने बहिणीला धाडलेल्या दीर्घ पत्रात ही क्रिया वीस मिनिटे चालल्याचे म्हटले आहे. ते पत्र मात्र तिला पुढील वर्षी, काही महिने घेऊन, पुरे करता आले. वीस मिनिटांच्या अनुभवाला शब्द मिळण्यास इतका अवधी लागावा, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. शल्यचिकित्सकाचे घड्याळ आणि रुग्णाचे घड्याळ ही दोन वेगळी घड्याळे आहेत, याचा तो एक आद्य आणि प्रभावी लेखी पुरावा होय.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथर देऊन केलेली शस्त्रक्रिया जाहीररीत्या दाखविण्यात आली आणि दोन महिन्यांनी लिस्टन यांनी लंडनमध्ये तिचा अवलंब केला. पुढच्याच वर्षी एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. शस्त्रक्रियेचा कालावधी आता रुग्णाच्या सहनशक्तीशी बांधलेला राहिला नाही. तरीही संथपणा लगेच आला नाही. कारण जखम चिघळण्याचे भय शिल्लक होते. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धती मांडल्यानंतर ते हळूहळू ओसरले, आणि पोट, मान, पुढे छाती व मेंदू यांत शांतपणे हात घालणे शक्य झाले.

वेग आणि संथपणा यांचा निवाडा वाटतो तितका सोपा नाही, हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासावरून दिसते. व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ झपाट्याने काम करीत. बर्नचे थिओडोर कोखर अत्यंत सावकाश, रक्ताचा थेंबही वाया जाऊ न देता. बिलरोथ यांच्या रुग्णांत स्नायूंना आकडी येण्याचा विकार आढळे, तर कोखर यांच्या रुग्णांत शरीर सुजणे व बुद्धी मंदावणे. दोघांचीही शस्त्रक्रिया पाहिलेले अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी पुढे याचा उलगडा केला. घाईत बिलरोथ यांच्याकडून ग्रंथीचा काही भाग मागे राही, पण तिच्यामागील सूक्ष्म ग्रंथींना इजा होई. कोखर यांचा नेमका हात त्या सूक्ष्म ग्रंथी वाचवी, पण थायरॉइड ग्रंथी मुळापासून काढून टाकी. प्रत्येकाच्या हाताची लय त्याच्या रुग्णांच्या आजारात उमटली होती. कोखर यांनी स्वतःच १८८३ मध्ये या परिणामांची जाहीर नोंद केली आणि आपली पद्धत बदलली. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

संथ शस्त्रक्रियेबरोबर आणखी एक बदल घडला, आणि या लेखाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. शल्यचिकित्सकाला वेळ मिळाला, तो दुसऱ्या कोणीतरी रुग्णाचा श्वास सांभाळल्यामुळे. या दुसऱ्या व्यक्तीचे काम शास्त्रीय चर्चेचा विषय बनले, त्यात भारताचाही वाटा आहे. मराठवाडाही ज्या संस्थानाचा भाग होता त्या हैदराबादेत, एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजामाच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे, हा त्यांचा निष्कर्ष पुढील संशोधनाने अपुरा ठरविला. तरी त्या कामाशी संबंधित असलेल्या रूपाबाई फरदूनजी या जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक म्हणून ओळखल्या जातात. 'हाताचे काम' आता निदान चार हातांचे झाले होते.

३

आजच्या शल्यचिकित्सकाचा आठवडा पाहू गेल्यास शस्त्र हाती असण्याचा काळ हा त्यातील अल्प भाग असतो. रुग्ण तपासणे, शस्त्रक्रिया करावी की करू नये याचा निर्णय घेणे, नातेवाइकांशी बोलणे, शस्त्रक्रियेनंतरच्या खाटांवरून फेरी मारणे, कागदपत्रे लिहिणे, शिकवणे, रात्रीच्या पाळीत हजर राहणे, या सर्वांतून उरलेला वेळ शस्त्रक्रियागृहात जातो. इंग्लंडमध्ये २००३ साली ज्येष्ठ डॉक्टरांशी झालेल्या करारात आठवड्याचे काम प्रत्येकी चार तासांच्या दहा घटकांत विभागले गेले. त्यांतील साधारण साडेसात घटक रुग्णसेवेचे आणि अडीच घटक अध्यापन, अध्ययन व तत्सम कामांचे. शस्त्रक्रिया त्या साडेसातांतील काही घटकच व्यापते.

या हिशेबात कायद्याने केलेला सर्वांत मोठा हस्तक्षेप युरोपातील आहे. कामाच्या तासांविषयीचा युरोपीय निर्देश १९९३ चा. कनिष्ठ डॉक्टरांना प्रारंभी त्यातून वगळले होते. पुढे ऑगस्ट २००४ पासून त्यांच्यासाठी आठवड्याला ५८ तासांची, २००७ पासून ५६ तासांची आणि ऑगस्ट २००९ पासून ४८ तासांची सरासरी मर्यादा आली. रुग्णालयात राहून दिलेली पाळी, मग त्या वेळात डॉक्टर झोपलेला का असेना, कामाचाच वेळ होय, असे युरोपीय न्यायालयाने २००० व २००३ मधील निकालांत ठरविले. डेन्मार्कमध्ये तर सामूहिक करारानुसार आठवडा ३७ तासांचाच आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी ८० तासांची मर्यादा घातली. १९८४ साली तेथील एका रुग्णालयात झालेला एका तरुणीचा मृत्यू त्याला कारण झाला होता. हीच मर्यादा २००३ पासून देशभर लागू झाली. जपानमध्ये डॉक्टरांच्या जादा कामावरील मर्यादा एप्रिल २०२४ पासून अमलात आली. सर्वसाधारणपणे ती वर्षाला ९६० तास, आणि दुर्गम भागातील सेवा व प्रशिक्षण अशा अपवादांसाठी १८६० तास आहे. म्हणजे नेहमीच्या कामाहून वर एवढे तास.

भारतात केंद्र सरकारने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी दिवसाला १२ व आठवड्याला ४८ तासांचा दंडक घालून दिला होता. सार्वजनिक रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांचे प्रत्यक्ष जीवन त्या दंडकापासून फार दूर राहिले, हे सर्वविदित आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणविषयक नियमांत तर तासांचा आकडा देण्याऐवजी काम 'वाजवी' तासांचे असावे आणि विश्रांतीला 'वाजवी' वेळ मिळावा, एवढेच म्हटले आहे. युरोपात आकडा, जपानात अपवादांसह आकडा, आणि भारतात विशेषण. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्यांना या फरकाचे मर्म वेगळे सांगावयास नको. आकडा मोडला तर मोडल्याचे सिद्ध करता येते; विशेषण मोडता येत नाही, ते केवळ ताणता येते.

४

तास कमी झाले की शिकणाऱ्या हाताला सराव कोठून मिळणार, हा युरोप व अमेरिकेतील वादाचा गाभा आहे. अमेरिकेत सामान्य शल्यचिकित्सेच्या प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांच्या प्रशिक्षणात किमान ८५० शस्त्रक्रियांची नोंद दाखवावी लागते. तासांच्या मर्यादा सैल ठेवल्यास रुग्णांचे नुकसान होते का, हे पाहण्यासाठी तेथील शंभराहून अधिक प्रशिक्षणक्रमांत झालेल्या तुलनेचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या दृष्टीने फरक आढळला नाही. इंग्लंडमध्ये सर जॉन टेम्पल यांच्या २०१० च्या अहवालाने दुसरी बाजू मांडली. ४८ तासांतही उत्तम प्रशिक्षण होऊ शकते. मात्र त्यासाठी शिकाऊ डॉक्टरांना रात्रीच्या पाळ्यांचे मनुष्यबळ म्हणून वापरणे थांबवावे लागेल आणि शिकवणारा ज्येष्ठ त्यांच्यापाशी उभा असावा लागेल, असा त्याचा आशय होता. केवळ रुग्णालयात असणे आणि हाताने काही शिकणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या अहवालाने स्पष्ट केले.

हा प्रश्न नवा नाही. सुश्रुतसंहितेत 'योग्या', म्हणजे सराव, या विषयाला स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करावा, चिखलपाण्याने भरलेल्या कातडी पिशव्या वापराव्यात, असे तेथे सांगितले आहे. अनेक शास्त्रे पढलेला असूनही ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अयोग्य, अशी या अध्यायाची भूमिका आहे. आज युरोप-अमेरिकेतील प्रशिक्षणकेंद्रांत कृत्रिम अवयवांवर आणि संगणकाच्या पडद्यासमोर जो सराव चालतो, त्यामागील विचार याहून वेगळा नाही. रुग्णाच्या शरीरावरील वेळ अपुरा पडणार असेल, तर तो अन्यत्र कमवावा.

ग्रंथातून वाचणे आणि हाताला साधणे यांत किती अंतर पडते, याचे एक उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले, ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. त्या क्रियेचा इंग्लंडमध्ये पहिला यशस्वी प्रयोग जोसेफ कार्प्यू यांनी केला, तो १८१४ मध्ये. मधल्या काळात ते आपल्या व्याख्यानांत शवांवर ही क्रिया करून दाखवीत होते. मजकुराला समुद्र ओलांडण्यास काही महिने पुरले असतील. हाताला तो ओलांडण्यास वीस वर्षे लागली. आणि ज्या कारागिराच्या घराण्यात ही विद्या हातोहात चालत आली होती, त्याचे नाव मात्र त्या मजकुरात आले नाही.

५

आतापर्यंतचा विचार ज्या देशांत शल्यचिकित्सक पुरेसे आहेत त्यांना धरून होता. जेथे ते नाहीत तेथील स्थिती २०१५ साली 'लॅन्सेट' नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक आयोगाने मांडली. त्या अहवालानुसार जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना गरज पडेल तेव्हा सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. वर्षाला ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया होतात. त्यांपैकी केवळ ६ टक्के अशा निर्धन देशांत, जेथे जगाच्या लोकसंख्येचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग राहतो. आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची दरवर्षी गरज आहे. लोकसंख्येच्या दर लाखामागे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ मिळून किमान २० तज्ज्ञ आणि वर्षाला ५००० शस्त्रक्रिया, हे लक्ष्य आयोगाने सुचविले.

यावरून असा तर्क निघेल की, जेथे शल्यचिकित्सक थोडे तेथे प्रत्येकाच्या हातात शस्त्र अधिक काळ राहत असेल. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. भूल देणारे कोणी नसेल, हत्यारे उकळून निघाली नसतील, रक्ताची बाटली जिल्ह्याच्या गावाहून यावयाची असेल, वीज गेलेली असेल, किंवा रुग्णाच्या घरच्यांना औषधांचे पैसे उभे करता आले नसतील, तर हात रिकामाच राहतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार श्रीमंत प्रदेशांत दर लाख लोकांमागे चौदाच्या आसपास शस्त्रक्रियागृहे होती, तर अत्यंत गरीब प्रदेशांत दोनहूनही कमी. आणि जगातील सुमारे ७७,००० शस्त्रक्रियागृहांत रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू मोजणारे साधे यंत्रही नव्हते. दुर्भिक्ष केवळ शल्यचिकित्सकांचे नाही, त्यांच्या भोवतीच्या सगळ्या जगाचे आहे.

काही देशांनी या कोंडीतून वेगळी वाट काढली. मोझांबिकमध्ये स्वातंत्र्यानंतर डॉक्टरांची वानवा झाली. तेव्हा १९८४ पासून पदवीधर नसलेल्या अनुभवी आरोग्यसेवकांना तीन वर्षांचे शिक्षण देऊन 'तेक्निकु द सिरुर्जिया', म्हणजे शल्यतंत्रज्ञ, तयार करण्यास प्रारंभ झाला. २००२ मधील नोंदींच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात जिल्हा रुग्णालयांतील मोठ्या प्रसूतिविषयक शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के त्यांनी केल्याचे आढळले. इथिओपियात अदिस अबाबा येथे कॅथरीन व रेजिनाल्ड हॅम्लिन या दांपत्याने १९७४ साली स्थापन केलेल्या रुग्णालयात अडलेल्या बाळंतपणामुळे पडलेल्या भगदाडांवर उपचार होतात. ममितु गाशे ही तेथील हॅम्लिन दांपत्याकडे रुग्ण म्हणूनच आली होती. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीने त्यांच्या शेजारी उभे राहून ही नाजूक शस्त्रक्रिया आत्मसात केली आणि पुढे शिकून आलेल्या डॉक्टरांनाही ती शिकवली.

एकट्या पडलेल्या शल्यचिकित्सकाचे अंतरंग साहित्यात पाहावयाचे, तर मिखाईल बुल्गाकोव यांच्या तरुण डॉक्टरविषयीच्या कथा आठवतात. बुल्गाकोव यांनी १९१६-१७ मध्ये स्मोलेन्स्क प्रांतातील एका खेड्यात डॉक्टर म्हणून काम केले. कथा छापून आल्या १९२५-२६ मध्ये. एका कथेत गर्भाशयात आडवे पडलेले मूल फिरवून बाहेर काढण्याचा प्रसंग आहे. ते काम कधीही न केलेला डॉक्टर सिगारेटचे निमित्त करून खोलीत पळतो आणि पाठ्यपुस्तक चाळतो. पण वाचलेल्या ओळी डोक्यात गुंता करतात. परतून हात धूत असताना अनुभवी सुईण त्याला आधीचे डॉक्टर हे काम कसे करीत ते सहज बोलता बोलता सांगते, आणि त्या सांगण्यातून त्याच्या हाताला वाट सापडते. शस्त्र हाती असण्याच्या काही मिनिटांमागे किती जणांचे ज्ञान उभे असते, हे या प्रसंगाने आकडेवारीहून अधिक नेमकेपणाने सांगितले आहे.

६

शस्त्र हाती असण्याचा काळ जाणीवपूर्वक वाढविणाऱ्या संस्थाही आहेत, आणि त्यांतील सर्वांत चर्चिलेली संस्था भारतातील आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराई येथे अवघ्या ११ खाटांनिशी अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. तेथील शल्यचिकित्सक मोतीबिंदूच्या वर्षाला दोन हजारांच्या घरात शस्त्रक्रिया करतो. देशातील इतर नेत्रशल्यचिकित्सकांची सरासरी काहीशेच आहे. हे घडते ते हात अधिक वेगाने चालविल्यामुळे नव्हे. शेजारी शेजारी दोन टेबले असतात. एकावरील क्रिया संपते तोवर दुसऱ्यावरील रुग्ण तयार असतो, आणि सूक्ष्मदर्शक फिरवून शल्यचिकित्सक तिकडे वळतो. रुग्णाला तयार करणे, डोळा बधिर करणे, हत्यारे मांडणे, पट्टी बांधणे ही कामे गावोगावच्या मुलींना संस्थेने स्वतः शिकवून तयार केलेले पथक करते. भिंगे महाग पडतात म्हणून १९९२ पासून तीही स्वतःच बनविण्यात येऊ लागली. कॅनडातील टोरोंटोजवळचे शोल्डाइस रुग्णालय १९४५ पासून केवळ हर्नियाच्याच शस्त्रक्रिया करते. तेथील शल्यचिकित्सक वर्षाला सहाशे-सातशे हर्निया दुरुस्त करतो. दोन्हीकडे शल्यचिकित्सकाच्या हातातील प्रत्येक मिनिटाला इतरांच्या कित्येक मिनिटांचा आधार आहे.

या वेगाच्या शेजारी दुसरा एक वेग ठेवून पाहिला पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात, वापरात नसलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत भरलेल्या शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीची शस्त्रक्रिया केली. त्या व त्याच सुमाराच्या शिबिरांतील डझनाहून अधिक स्त्रिया पुढील दिवसांत मृत्यू पावल्या. दूषित औषधे की जंतुसंसर्ग, हा कारणाविषयीचा वाद चालला. परंतु एका पथकाने दिवसाला ३० हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत हा सरकारचा नियम तेथे धाब्यावर बसविला गेला होता, याविषयी वाद नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

मदुराई आणि बिलासपूर या दोन्ही ठिकाणी शस्त्र हाती असण्याचा काळ सलग होता. एके ठिकाणी तो भोवतीच्या माणसांच्या भरभक्कम तयारीतून आला. दुसऱ्या ठिकाणी ती तयारी वगळून. एके ठिकाणी दृष्टी परत मागण्यासाठी आलेल्या माणसाच्या गरजेशी वेग बांधलेला होता. दुसऱ्या ठिकाणी वरून उतरलेल्या उद्दिष्टाच्या आकड्याशी. केवळ दर ताशी शस्त्रक्रियांची संख्या मोजणाऱ्याला या दोहोंतील भेद दिसणार नाही.

शस्त्र हाती घेण्यापूर्वीचा काही मिनिटांचा विराम किती मोलाचा असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये पुढे आणलेल्या पडताळणीसूचीने दाखविले. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची, प्रतिजैविक दिले का, रक्त लागेल का, हे सर्वांनी मोठ्याने म्हणून पाहावयाचे. उपस्थितांनी परस्परांना आपले नाव सांगावयाचे. नवी दिल्ली, मनिला, टांझानियातील इफाकारा, लंडन, सिअॅटल आदी आठ ठिकाणच्या रुग्णालयांत या सूचीचा अवलंब करून पाहिला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. नावे उच्चारण्याइतका वेळ काढल्याने जीव वाचतात, ही गोष्ट शब्दांविषयी आस्था असणाऱ्यांना विचार करावयास लावणारी आहे.

७

समारोपादाखल पुन्हा सुश्रुतसंहितेच्या त्या पाचव्या अध्यायाकडे वळणे उचित होईल. आशुक्रियेची प्रशंसा त्यात आहे, हे खरेच. परंतु त्या अध्यायाचे नाव 'अग्रोपहरणीय', म्हणजे आधी गोळा करून ठेवावयाच्या गोष्टींचा अध्याय, असे आहे. शस्त्रक्रियेचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग तेथे प्रथम पाडले आहेत. त्यानंतर यंत्रे, शस्त्रे, कापूस, मध, तूप, गार आणि ऊन पाणी यांची यादी येते. आणि त्या यादीतच प्रेमळ, स्थिरचित्त व बलवान परिचारकही येतात. वैद्याच्या शीघ्रतेचा उल्लेख येतो तो या सर्वांच्या मागाहून.

शीघ्र हाताची कीर्ती परंपरेत टिकून राहिली. गार आणि ऊन पाणी तयार ठेवणाऱ्यांची यादी विस्मरणात गेली. जगात शल्यचिकित्सकांचा वेळ कोठे किती शस्त्रक्रियेत जातो, याचा आजचा नकाशा हा वस्तुतः त्या विस्मृत यादीचा नकाशा आहे. जेथे यादी पुरी आहे तेथे हात संथही राहू शकतो आणि शीघ्रही. त्याने किती तास काम करावे यावर कायदा करता येतो, वाद घालता येतो. जेथे यादी अपुरी आहे तेथे शल्यचिकित्सक एक तर रिकाम्या हाताने बसून राहतो, नाही तर यादीवाचूनच शस्त्र उचलतो. या दोन्हींचे मोल टेबलावर निजलेल्या माणसाला द्यावे लागते, आणि त्याच्या घड्याळाची नोंद कोणत्याही पाहणीत होत नाही.

शल्य शरीरातले असो की मनातले, ते काढण्याचा क्षण छोटाच असतो. तो क्षण यावा म्हणून कितीजणांनी किती काळ सिद्ध राहावयाचे, हा प्रश्न मात्र एकट्या वैद्यकाचा राहत नाही. तो समाजाने आपल्या वेळेची वाटणी कशी केली आहे याचा प्रश्न होतो.